डोळा त्याचा, खुपतो आम्हाला

कुत्रा घरात येतो तो डोळ्यांच्या वाटेने. शेपूट, कान, पंजे हे सगळं नंतर. "फक्त बघून येऊ" असं घरी सांगून निघालेला माणूस तिथे पोचतो, पिल्लू मान जराशी तिरकी करतं, भुवयांची आतली टोकं वर उचलतं, आणि परतीच्या गाडीत एक प्रवासी वाढलेला असतो. इंग्लंडातल्या पोर्टस्मथ विद्यापीठाच्या युलियाने कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली दाखवून दिलं, की भुवईचं हे आतलं टोक वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला ठसठशीत असतो. लांडग्यांमध्ये तो जवळपास नसल्यात जमा. म्हणजे लांडग्याचा कुत्रा होता होता या जातीने माणसाला पाघळवायची एक जादा सोय चेहऱ्यात करून घेतली. आपण तिला बिचारेपणा म्हणतो.

आमच्याकडचा बीगल याच सोयीचा लाभ घेऊन आला. नाव खंडू. हे नाव आईने ठेवलं. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतोच, तेव्हा कुत्र्याला देवाच्या नावाने हाक मारली तर देव रागावणार नाही, असं तिचं म्हणणं. देवाचं माहीत नाही, पण चपला कुरतडल्यावर "खंड्या!" म्हणून ओरडताना तिचा हात आपोआप गालाकडे जातो.

तर हा खंडू सहा-सात महिन्यांचा असताना एका सकाळी झोपून उठला तो उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक लालभडक, गोल, ओला गोळा घेऊन. बेकरीतल्या पेस्ट्रीवर असते ना चेरी, अगदी तशी. (ती चेरी पुष्कळदा चेरी नसून पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असते, हा भाग निराळा.) पुढे कळलं, की जगभरचे पशुवैद्य याला 'चेरी आय'च म्हणतात. त्या सकाळी मात्र घरात एवढंच कळत होतं, की कुत्र्याच्या डोळ्यातून काहीतरी बाहेर आलंय, जे बाहेर यायला नको होतं. खंडू स्वतः बिनघोर होता. नेहमीसारखा दाराशी जाऊन पट्ट्याकडे बघत बसला.

आमची सोसायटी कोथरूडातली. इथे मत मिळवण्यासाठी कुणाला प्रश्न विचारावा लागत नाही. लिफ्टपासून फाटकापर्यंत जाईतो खंडूच्या डोळ्याची चार निदानं झाली. "डोळे आलेत. पोरांना लांब ठेवा," हे पहिलं. त्यामुळे पुढचे काही दिवस लिफ्टमध्ये आम्हा दोघांना प्रशस्त जागा मिळाली. "मारामारी करून आला वाटतं," हे दुसरं, थोडं कौतुकाचं. तिसऱ्याने ही रांजणवाडी ठरवून लवंग उगाळून लावायला सांगितली. आणि तळमजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त, हातात पेपरची गुंडाळी, लांबूनच म्हणाले, "उष्णता! मटण बंद करा आधी."

खंडूला मटण मिळतच नव्हतं. त्याला डॉक्टरांनी ठरवून दिलेलं खाद्य आणि आईने न ठरवता दिलेला दहीभात, असा दुहेरी आहार चालू होता. मी हे काकांना सांगितलं. बंद करायला मटणच नाही म्हटल्यावर त्यांची क्षणभर पंचाईत झाली. मग म्हणाले, "मग सब्जा सुरू करा." उष्णता या निदानाचं हेच सामर्थ्य आहे. ते कशानेच खोटं ठरत नाही.

घरी आईने दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. ज्याची दृष्ट काढायची त्याने समोर गप बसायचं असतं, हा नियम खंडूला ठाऊक नव्हता. त्याने मूठ हुंगली, सणसणीत शिंकला, आणि मोहऱ्या पार सोफ्याखाली गेल्या. आईच्या मते एवढं सगळं सांडलं, म्हणजे नजर चांगलीच जबर होती.

या गदारोळात माझ्या लक्षात आलेली गंमत अशी, की डोळा खंडूचा होता, पण तो खुपत होता आम्हा सगळ्यांना. त्याला तो खुपत नव्हता. चेरी आय बहुतेक वेळा फारसं दुखत नाही. गोळा दिवसभर उघड्यावर राहिला तर वाळतो, चुरचुरतो, सुजतो, मग कुत्रं पंजाने चोळायला लागतं. पण सुरुवातीला त्याच्या दिनक्रमात काडीचा फरक पडत नाही. फाटकाबाहेरच्या कुत्र्यांनीही त्याच्या डोळ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांना नेहमीप्रमाणे त्याच्या दुसऱ्या टोकात रस. आणि त्यांनी पाहिलं असतं तरी आपण बघतो ते त्यांना दिसलंच नसतं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या दोनच. 1989 साली अमेरिकेत जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना खाऊच्या लालचेने रंगीत प्रकाशांतला फरक ओळखायला लावून हे पक्कं केलं. निळा आणि पिवळा ही त्यांची दुनिया. लाल त्यांना मळकट, तपकिरी-पिवळसर काहीतरी दिसतो. म्हणजे ज्या लालपणाने अख्खी सोसायटी हादरली, तो लालपणा कुत्र्यांच्या जगात नाहीच. खंडूला आरशापुढे बसवलं असतं, तरी त्याने फार तर आरशामागे कोण आहे ते हुंगून पाहिलं असतं.

पण खुपलं म्हणून आपण डॉक्टरांकडे जातो, हेही बरंच आहे.

डॉक्टर तरुण, कमी बोलणाऱ्या. पहिला प्रश्न: "घरातले काही थेंब घातलेत का?" फ्रिजच्या दारात माणसांच्या डोळ्यांच्या थेंबांची अर्धवट उरलेली बाटली प्रत्येक मराठी घरात असते, हे त्यांना अनुभवाने माहीत असावं. आमची बाटली सुदैवाने मुदतीच्या मापाने इतकी जुनी होती, की बायकोने ती आधीच फेकली होती. डॉक्टर म्हणाल्या, यातल्या काही थेंबांत स्टिरॉइड असतं, आणि बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला जखम असेल तर ते थेंब ती जखम चिघळवू शकतात. म्हणून आधी त्यांनी डोळ्यात एक रंगद्रव्य घातलं. पटलावर ओरखडा असेल तर तेवढीच जागा हिरवी चमकते. खंडूचं कुठेच चमकलं नाही.

मग एक चाचणी झाली, ती मला अतिशय आवडली. कागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची, एक मिनिट थांबायचं, आणि कागद किती भिजला ते मोजायचं. म्हणजे आसवं मोजायची! ऑटो शिर्मर नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1903 मध्ये ही युक्ती माणसांसाठी काढली; कुत्र्यांनाही ती लागू पडते. मिनिटाला 15 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजला तर ठीक, 10 च्या खाली गेला तर काळजी. मापन सोपं आहे. बीगलला एक मिनिट स्थिर ठेवणं हा त्यातला खरा अवघड भाग. बिस्किटाची पुडी दाखवल्यावर तो स्थिर झाला; तेव्हा मोजलं गेलं ते डोळ्यातलं पाणी, तोंडातलं नव्हे, याची मी खात्री करून घेतली.

त्यानंतर डॉक्टरांनी औषधाच्या कागदाच्या मागे चित्र काढून समजावलं. कुत्र्याला वरची आणि खालची अशा दोन पापण्यांखेरीज आणखी एक पापणी असते. शंकराला तिसरा डोळा असतो हे लहानपणापासून ऐकत आलो, पण कुत्र्याला तिसरी पापणी असते हे कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. ती नाकाकडच्या कोपऱ्यात मिटून बसलेली असते. डोळ्याला धोका वाटला, तो आत ओढला गेला, की ही पापणी आडवी सरकून त्याच्यावर पांघरूण घालते. कुत्रं अर्धवट डोळे उघडे टाकून झोपलं की पांढुरका पडदा दिसतो आणि घरची मंडळी घाबरतात, ती हीच. पक्ष्यांना ती असते, उंटाला असते, मांजराला असते. आपल्यालाही होती. आरशात पाहिलं तर नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी ठिपक्याशेजारी एक चिमुकली अर्धचंद्राकृती घडी दिसते. तोच तिचा अवशेष. डार्विनने 1871 च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये माणसाच्या शरीरातल्या अशा निकामी उरलेल्या गोष्टी सांगताना या घडीचा उल्लेख केला आहे. त्या रात्री मी बराच वेळ आरशासमोर स्वतःचा डोळा ताणून उभा होतो. लेकीने विचारलं, "बाबा, तुझंही काही बाहेर आलंय का?"

तर या तिसऱ्या पापणीला आधार म्हणून आत कूर्चेचा एक छोटा तुकडा असतो, आणि त्याच्या बुडाशी अश्रू तयार करणारी एक ग्रंथी. डोळ्यावरच्या ओलाव्यातल्या पाण्यापैकी सुमारे एकतृतीयांश, काही हिशोबांनी त्याहूनही जास्त, पाणी ही एकटी पुरवते. एरवी ती खाली दडून आपलं काम करत असते आणि तिला आत धरून ठेवतो तो मऊ तंतूंचा एक बंध. काही पिल्लांत हा बंध जन्मतःच ढिला. वाढत्या वयात केव्हातरी तो सुटतो, ग्रंथी पापणीच्या काठावरून वर डोकावते, हवा लागून सुजते, लाल होते. झाली चेरी. ती गाठ नाही, संसर्ग नाही, मारामारीची खूण नाही, आणि काकांची क्षमा मागून, उष्णताही नाही. जिथे असायला हवी तिथून हललेली, पण पूर्ण उपयोगी अशी ती एक वस्तू आहे. (म्हाताऱ्या कुत्र्यात असा गोळा अचानक दिसला, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे खरंच गाठ असू शकते, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. शिवाय ती कूर्चा दुमडली तरी बाहेरून काहीसं असंच दिसतं. तेव्हा घरबसल्या निदान नको.)

आता, जागेवरून हललेल्या वस्तूचं काय करायचं याबद्दल आपली सर्वसाधारण वृत्ती सरळ आहे. नको तिथे दिसतंय ना, मग कापून टाका. फुटपाथवर आलेली फांदी असो की आंब्याच्या अढीत डाग पडलेला आंबा. पशुवैद्यकातही बरीच वर्षं हेच चाललं. बाहेर आलेली ग्रंथी कापली की पाच मिनिटांत डोळा पुन्हा देखणा, मालक खूश, कुत्रंही आनंदी. हिशोब मागाहून यायचा, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. तोवर कुणाला त्या शस्त्रक्रियेची आठवणही नसे.

माझ्या एका मावशीकडे नव्वदीच्या दशकात एक कॉकर स्पॅनियल होती. तिच्या दोन्ही चेऱ्या लहानपणीच काढलेल्या. त्या काळी पुष्कळ ठिकाणी तसंच करत. ती पाचेक वर्षांची झाल्यावर तिच्या डोळ्यांना चिकट, पिवळट चिपडं यायला लागली. बुबुळाची चकाकी गेली, मग त्यावर हळूहळू काळपट साय पसरली. डोळा कोरडा पडणं म्हणजे आपल्याला वाटतं थोडी जळजळ. पण पटलावर ओलावा नसेल तर प्रत्येक उघडझाप म्हणजे घासणी, आणि शेवटी दृष्टीच जाते. मावशी दिवसातून कितीतरी वेळा तिच्या डोळ्यात कृत्रिम अश्रू घालायची. अमावास्येला माहेरची आठवण येऊन स्वतः रडणारी आमची मावशी म्हणायची, "मला नको तेवढी आसवं दिलीत, हिला दोन थेंब नाहीत." स्पॅनियल मान वर करून निमूट थेंब घालून घ्यायची, कारण थेंबांनंतर खारी मिळायची.

याच कोरड्या डोळ्यांपायी एक सुरस गोष्ट घडली. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात रेने कॅसवान नावाच्या पशु-नेत्रतज्ज्ञ होत्या. बाहेर आलेली ग्रंथी कापण्याऐवजी तिला टाक्याने खोबणीच्या हाडाजवळ बांधून ठेवायची रीत 1985 साली मांडणाऱ्यांत त्या होत्या. कोरड्या डोळ्यांच्या कुत्र्यांसाठी त्यांनी सायक्लोस्पोरिन वापरून पाहिलं. हे औषध खरं तर दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेल्या माणसांसाठी, शरीराने परकं म्हणून ते झिडकारू नये यासाठीचं. आणि त्याचा उगम नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीत. कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांमागे पुष्कळदा शरीराचीच आपल्या अश्रुग्रंथीवर वक्रदृष्टी झालेली असते, म्हणून ते औषध तिथे चाललं आणि डोळे पुन्हा ओलावू लागले. मग माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठी त्याच औषधाचे थेंब निघाले आणि 2002 मध्ये त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. दिवसभर संगणकापुढे बसून डोळे चोळणारे कितीजण आज ते थेंब घालत असतील. त्यांना याची कल्पनाही नसेल, की आधी ते कुत्र्यांनी घालून पाहिलेत. मात्र या औषधालाही रडवायला ग्रंथी लागते. जी कापून बादलीत टाकली, तिला ते काय रडवणार?

म्हणून आमच्या डॉक्टर म्हणाल्या, "कापायचं नाही. आत बसवायचं." बोटाने हलकं दाबून काहींची ग्रंथी आत जाते आणि मालकाला विजयी वाटतं, पण ती बहुतेक वेळा पुन्हा येते, कधी संध्याकाळपर्यंतच. खरा उपाय शस्त्रक्रियेचा. आता बरेच जण खिशाची रीत वापरतात. पापणीच्या आतल्या बाजूला ग्रंथीच्या दोन्ही अंगांना दोन बारीक छेद घ्यायचे आणि त्यांच्या कडा ग्रंथीवरून ओढून शिवायच्या, म्हणजे ती खिशात जाते. टाके विरघळणारे. गाठ पापणीच्या बाहेरच्या बाजूला मारायची, नाही तर ती बुबुळाला घासेल. आणि शिवणीची दोन्ही टोकं उघडी ठेवायची, नाही तर खिशात साठलेले अश्रू बाहेर येणार कसे? चांगल्या शिंप्याइतकाच विचार त्या इवल्याशा जागेत केलेला पाहून माझा पशुवैद्यकाबद्दलचा आदर वाढला. इतकं करून एखादी ग्रंथी पुन्हा उसवते, विशेषतः बुलडॉगसारख्या जातींत. मग पुन्हा बसवायची.

बुलडॉगचं नाव निघालं म्हणून सांगतो. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने ब्रिटनमधल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या 2016 सालच्या दवाखान्यांतल्या नोंदी चाळल्या. एकूण कुत्र्यांत चेरी आयचं प्रमाण हजारी दोन. इंग्लिश बुलडॉग आणि नेपोलिटन मॅस्टिफ यांच्यात मात्र शंभरी जवळजवळ पाच. ल्हासा आप्सो, कॉकर हेही वरच्या रांगेत. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना धोका जास्त, आणि त्याचं मूळ कुत्र्यात कमी, माणसाच्या हौसेत जास्त आहे. इंग्लंडात 1835 च्या कायद्याने बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ बंद झाला आणि बुलडॉग बेकार झाला. 1859 साली न्यूकासलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, पुढे प्रदर्शनांचं पेवच फुटलं, आणि बेकार बुलडॉगला नवी नोकरी मिळाली: दिसण्याची. नाक आणखी चपटं, चेहरा आणखी सुरकुतलेला, असं करत करत डोळ्यांच्या खोबणीत सामान मावेनासं झालं. आपल्याकडेही निराळं नाही. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'नंतर सिनेमातल्या टफीसारखं पांढरंशुभ्र कुत्रं हवं होतं, आणि 2003 च्या सुमाराला मोबाइलच्या जाहिरातीत पग चालू लागला, की घरोघर पग. जाहिरात संपली, फॅशन बदलली, पण पगचे फुगीर डोळे आपल्या धुळीत तसेच उघडे. फाटकाबाहेरच्या गावठी मंडळींना कुणी प्रदर्शनासाठी घडवलं नाही. त्यांच्या पापण्या जागच्या जागी असतात, आणि ती दुपारभर काकांच्या स्कूटरखाली आरामात झोपतात.

खंडूची शस्त्रक्रिया झाली. भूल उतरताना तो इतका केविलवाणा रडला, की आई दवाखान्याच्या बाकावरच जप करायला बसली. खरा प्रसंग पुढे होता. टाके पंजाने ओढू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा मोठा कोन. बीगलचं सगळं जग नाकात असतं आणि नाक आता त्या कोनात. जमीन हुंगायला खाली वाकला की कोन फरशीवर आपटे. दारातून जाताना एक बाजू चौकटीला अडे, आणि तो आमच्याकडे असा बघे, की चौकट रात्रीतून आम्हीच पुढे सरकवली असावी. पाणी पिताना आधी अर्धा वाडगा कोनात, मग माझ्या पायावर. सोसायटीतल्या मुलांना मात्र हा अवतार इतका पसंत पडला, की लिफ्टमधली प्रशस्त जागा संपली.

डोळा छान बसला. पण डॉक्टरांनी निघताना सांगून ठेवलं होतं, की एका डोळ्यात झालं की दुसऱ्यातही होण्याची शक्यता असते, बहुधा पुढच्या काही महिन्यांत. तेव्हापासून खंडू झोपेतून उठला की घरातले सगळे आधी त्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघतात, आणि त्याला वाटतं आपल्याला काही खायला मिळणार आहे. बहुतेक वेळा मिळतंही.

मध्यंतरी बी-विंगमध्ये एक फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू आलं. त्याचा डोळा एके दिवशी लाल झाला तेव्हा मालक तरुण जोडपं फाटकाशी रडकुंडीला येऊन उभं होतं, आणि काका पेपरची गुंडाळी हलवत त्यांना समजावत होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांचं जवळजवळ सगळं बोलून झालं होतं. "घाबरू नका. चेरी आहे ही, तिसरी पापणी. अश्रूंची ग्रंथी असते ती. कोणी म्हणालं कापा, तर अजिबात कापू द्यायची नाही, आत बसवायला सांगा." शब्द न शब्द बरोबर होता. मी मान डोलावली. जोडपं गाडीकडे वळलं, तसं काकांनी त्यांना पुन्हा हाक मारली.

"आणि हे बघा," ते म्हणाले, "मटण तेवढं बंद करा."